प्रेक्षक सज्जेतली एक जागा

शाळेच्या युवा संसदेसाठी अध्यक्षांचं आसन तयार करून द्यायची जबाबदारी मी हौसेने अंगावर घेतली, असं आमच्या इमारतीत बोललं जातं. हे साफ खोटं आहे. हौसेने मी आजवर कुठलीच जबाबदारी घेतलेली नाही. माझ्या लग्नाचीसुद्धा थोरल्या भावाने घेतली होती. मला फक्त प्रेक्षक सज्जेत एक जागा हवी होती.

शाळेचं पत्रक मला फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली सापडलं. मुलांना नागरिकांचे हक्क, कर्तव्यं आणि राज्यकारभारातला सहभाग कळावा म्हणून शाळा युवा संसद भरवणार होती. सत्ताधारी पक्ष, विरोधी पक्ष, प्रश्नोत्तरांचा तास, विधेयक, मतदान, सगळं खऱ्यासारखं. विरोधी पक्षनेता म्हणून माझ्या मुलीचं नाव होतं. आणि तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘जागेअभावी प्रेक्षक सज्जेचा पास कामात साहाय्य करणाऱ्या पालकांनाच मिळेल. एका कामास एक पास.’

आता मुलीबद्दल सांगायला हवं. लहानपणी तिला सगळी इमारत ‘रेडिओ’ म्हणायची. सकाळी दात घासताना सुरू व्हायची ती झोपेत दोन-चार वाक्यं बोलूनच थांबायची. मुंगीला किती पाय, मग तिला पायमोजे किती लागतील, आणि ती ते वाळत कुठे घालेल, असे प्रश्न मी जोडे काढायच्या आत अंगावर यायचे. तो रेडिओ गेली दोन-तीन वर्षं माझ्यापुरता बंद आहे. मला मिळतं ते ‘हं’, ‘बघू’ आणि ‘आईला सांगितलंय’. एका रविवारी मी मोजले. दिवसभरात अकरा शब्द झाले आणि त्यातले चार दारावर आलेल्या कुरियरवाल्याला होते.

बरं, आवाज बसला म्हणावं तर तसंही नाही. स्वयंपाकघरात मायलेकींचं तासन् तास चालतं. मी पाणी प्यायला गेलो की दोघी एकदम ओट्याकडे बघायला लागतात. समोरच्या घरातले दंतवैद्य तर मला जिन्यात गाठून म्हणाले, “काय बोलते हो तुमची मुलगी! परवा दवाखान्यात वीस मिनिटं मतदानाच्या वयावर बोलली. पेशंट तोंड उघडं टाकून ऐकत होता.”

“तोंड तुम्हीच उघडं ठेवलं असेल,” मी म्हणालो. माणसाला स्वतःच्या मुलीचं कौतुक दुसऱ्याकडून ऐकावं लागलं की विनोद असाच कडू होतो. त्या पेशंटचा मला आठवडाभर हेवा वाटत होता.

आणि पंधरा आठवड्यांनी शाळा संपणार होती. पुढे शिकायला ती बाराशे किलोमीटर लांबच्या शहरात जाणार हे ठरलं होतं. मला तिचं एक भाषण हवं होतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सलग, माझ्या कानांनी. एवढंच माझं मागणं होतं, आणि एवढ्यासाठी मी काय काय केलं ते आता सांगतो.

त्याआधी माझ्या नोकरीविषयी दोन शब्द. मी वीज कंपनीच्या तक्रार खिडकीवर बसतो. बावीस वर्षं झाली. या काळात मी एक विद्या कमावली आहे. समोरच्याने तोंड उघडलं की तक्रार काय आहे ते मला पहिल्या दोन शब्दांत कळतं. माणूस ‘मीटर’ म्हणाला की फॉर्म सात. ‘बिल’ म्हणाला की फॉर्म तीन. ‘अहो, मी काय म्हणतो’ असं म्हणाला की शेजारची खिडकी. दिवसाला दोनशे तक्रारी निकाली निघतात आणि एकाचंही वाक्य पूर्ण होत नाही. साहेबांनी या वेगाबद्दल मला दोनदा प्रशस्तिपत्र दिलं आहे. घरीही ही सेवा मी सुट्टी न घेता पुरवतो, पण घरात तिची कदर नाही.

नागरिकशास्त्राच्या बाई शाळेच्या वाचनालयात कामांची यादी घेऊन बसल्या होत्या. मी अर्धी रजा टाकून पोचलो तोवर माइक एका लाउडस्पीकरवाल्याने नेला होता, पडदे एका शिंप्याने, पत्रिका एका छापखानेवाल्याने. शिल्लक होतं ते फक्त ‘अध्यक्षांचे आसन’.

“उंच हवं,” बाई म्हणाल्या. “सभागृहात अध्यक्ष सगळ्यांच्या वर दिसले पाहिजेत. आमच्या अध्यक्षा नववीतल्या आहेत. हुशार आहे मुलगी, पण साध्या खुर्चीत बसली की टेबलाच्या वर नुसता भांग दिसतो. आणि हो, आसनाला जरा मान हवा.”

“मिळेल,” मी म्हणालो. मला सुतारकामातलं ओ की ठो कळत नाही, हे बाईंना सांगायचं कारण नव्हतं.

तळमजल्यावरचे निवृत्त ओव्हरसिअर ही बातमी ऐकून गेल्या कित्येक महिन्यांत दिसले नव्हते इतके ताजेतवाने झाले. “खुर्ची उंच करायची नसते,” ते म्हणाले. “जमीन उंच करायची असते. विटांचा चौथरा बांधा. अध्यक्षांचं वजन किती?”

“विचारलं नाही.”

“वजन माहीत नाही आणि आसन करायला निघालात!” त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला चौथऱ्याचा नकाशा काढला, पायऱ्या काढल्या, पाणी वाहून जायला उतार दिला. सभागृहात पाणी कुठून येणार असं विचारल्यावर ते म्हणाले की पाणी कधी सांगून येत नाही. नकाशा बघून आमच्या हिने एकच प्रश्न विचारला. “शाळेच्या तिसऱ्या मजल्यावर विटा कोण वाहणार?” ओव्हरसिअर तीन दिवस तिच्याशी बोलले नाहीत.

वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींचा उपाय सोपा होता. साध्या खुर्चीवर उशा ठेवायच्या. सात उशा त्यांनी स्वतः आणून दिल्या. मजबुतीची परीक्षा घ्यायला कोणी तरी बसून बघायला हवं होतं. मी बसलो. पाचव्या उशीपर्यंत माझा मान खरोखर वाढत होता. सातव्या उशीवरून मी जो आलो तो थेट कपाटाच्या कोपऱ्यावर. आवाज ऐकून दंतवैद्य धावत आले आणि त्यांनी माझं कंबरडं तपासलं. दंतवैद्याने कंबर तपासावी इतकी वेळ माझ्यावर आली होती.

“आ करा,” ते सवयीने म्हणाले, आणि मग त्यांना एकदम सुचलं. “अहो, माझी जुनी खुर्ची पडलीय की! दवाखान्याच्या बोळात. पायाने दाबलं की वर जाते, खाली येते, मागे झुकते. आणखी काय पाहिजे? भलेभले लोक या खुर्चीत गप्प बसलेत. सभागृहाला अगदी योग्य.”

खुर्ची बघून मला भरून आलं. मागे उंच पाठ, दोन्ही बाजूंना रुंद हात, डोकं टेकायला गादी. फक्त एका बाजूला रुग्णांनी चूळ थुंकायचं छोटं पांढरं भांडं होतं, आणि त्याचा बोल्ट गंजून असा बसला होता की तो काढायला गेलेल्या फिटरने स्वतःचा पाना मोडून घेतला. भांडं राहिलं. मावशींनी सगळ्यावर किरमिजी कापड चढवलं आणि मी नको नको म्हणत असताना खाली झालर लावली. झालरीशिवाय त्या काही शिवतच नाहीत. भांड्यालाही झालर आली. ही म्हणाली, “त्या पोरीला यात बसल्याबरोबर दाढ दुखायला लागेल.”

त्याच संध्याकाळी मुलगी अभ्यासाच्या टेबलाशी एकटी सापडली. मी सहज म्हणावं तसं म्हणालो, “तुमच्या अध्यक्षांचं आसन मीच करतोय बरं का.”

“कळलं,” ती म्हणाली. मग तिने पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी असं बघितलं होतं. “बाबा, मला ना—”

“वेळेवर होईल. अजिबात काळजी करू नकोस. टेम्पोसुद्धा सांगून ठेवलाय.”

“हं,” ती म्हणाली आणि पेन उचललं. पोरीला माझ्या कामाची काळजी वाटत होती, हे बघून मला फार बरं वाटलं.

खुर्ची शाळेत पोचवणं हे एक वेगळंच प्रकरण झालं. कापड चढवायला वर आणलेली ती परत उतरवताना आमच्या इमारतीच्या जिन्याच्या वळणावर अडकली. ओव्हरसिअर वरून “जरा डावीकडे” म्हणत होते आणि दंतवैद्य खालून “जरा डावीकडे” म्हणत होते. दोघांचं डावं वेगवेगळं असल्यामुळे चार हमाल आणि मी मध्ये पाऊण तास उभे होतो. शेवटी चुकून कोणाचा तरी पाय खुर्चीच्या दाबायच्या पट्टीवर पडला, खुर्ची आपण होऊन मागे झुकली आणि सुळकन निघाली. ओव्हरसिअर म्हणाले की त्यांना हेच करायचं होतं.

शाळेच्या फाटकातून आत जायला मात्र मुख्य लिपिकांची परवानगी लागत होती. त्यांच्या खिडकीशी मी उभा राहिलो.

“नमस्कार. मी खुर्ची—”

“नमुना चार,” ते मान वर न करता म्हणाले.

“नाही, माझं म्हणणं असं की ही खुर्ची युवा—”

“तात्पुरती असेल तर नमुना चार. देणगी असेल तर नमुना नऊ आणि मालकाचं पत्र. पुढचा!”

माझं ऐकून घेण्याची त्या माणसाला गरजच वाटली नाही. बावीस वर्षं सरकारी-निमसरकारी खिडकीचा अनुभव असलेला मनुष्य मी, आणि माझं एक वाक्य पुरं होऊ नये? लोकांना बोलू न देणं हा किती मोठा अपमान असतो यावर मी घरी येऊन हिला वीस मिनिटं सुनावलं. ती मध्ये दोनदा काही तरी म्हणायला गेली, पण माझा मुद्दा संपायचा होता.

नमुना चारमध्ये रकाना होता, ‘वस्तूचा प्रकार : फर्निचर / वैद्यकीय उपकरण’. मी फर्निचर लिहिलं. लिपिकांनी बाहेर येऊन झालर उचलली, भांडं बघितलं आणि फर्निचर खोडलं. वैद्यकीय उपकरणाला शाळेच्या परिचारिकेची सही लागते. परिचारिका फक्त गुरुवारी येते. तोवर खुर्ची टेम्पोतच राहिली. गुरुवारी परिचारिकेने खुर्ची नीट तपासली, फुटपट्टीने उंची मोजली आणि शेऱ्यात लिहिलं, ‘रुग्ण नाही. आत घ्यावे.’ बाईंना मात्र आसन इतकं आवडलं की भांड्यात त्यांनी अध्यक्षांची पितळी घंटा ठेवून बघितली आणि म्हणाल्या, “घंटेची सोय छान केलीत हं!” मी विनयाने मान लववली.

आणि मला पास मिळाला. गुलाबी कागद, ‘प्रेक्षक क्रमांक नऊ’. तो मी पाकिटात हिच्या फोटोच्या वर ठेवला, हे तिला अजून माहीत नाही.

“तूही एखादं काम घ्यायला हवं होतंस,” मी हिला म्हणालो. “तुलाही ऐकता आलं असतं.”

“मला कशाला पास? मला तोंडपाठ झालंय. कणीक मळताना रोज म्हणून दाखवते.”

मला जेवण गेलं नाही. “कशावर बोलणार आहे?”

“ऐकाल तेव्हा कळेल.” मग ती थांबून म्हणाली, “ऐकाल तेव्हा.”

संसदेच्या दिवशी मी कोट घातला. प्रेक्षक सज्जा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहातली मागची तीन बाकं आणि त्यांच्यापुढे बांधलेली दोरी. पासच्या मागे नियम छापले होते. प्रेक्षकांनी बोलू नये, टाळ्या वाजवू नयेत, खुणा करू नयेत, मोठ्याने हसू नये. नियम मोडल्यास मार्शल बाहेर नेतील. मार्शल म्हणून खेळाचे सर छातीवर लाल पट्टा घालून दाराशी उभे होते. माझ्याकडे ते जरा जास्तच निरखून बघत होते. आसन कोणी केलं हे त्यांना कळलं असावं, असं मला वाटलं.

अध्यक्षा आल्या. सगळे उभे राहिले. त्या खुर्चीत बसल्या, मार्शलनी पट्टीवर पाय मारून मारून त्यांना वर नेलं, आणि झालरीच्या वर दोन वेण्या आणि एक गंभीर चेहरा असा स्थिर झाला की माझा ऊर भरून आला. शेजारच्या लाउडस्पीकरवाल्याला मी कोपराने ढोसलं. ही खूण झाली असती, म्हणून दुसऱ्यांदा ढोसलं नाही.

प्रश्नोत्तरांचा तास सुरू झाला. मुलांनी काय काय विचारलं! मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी किती महिन्यांपासून तुटलेली आहे? वाचनालय मधल्या सुट्टीत, म्हणजे नेमकं मुलं मोकळी असताना, बंद का असतं? आरोग्यमंत्री झालेला मुलगा म्हणाला की माहिती मागवण्यात आली आहे. इतकं सुरेख उत्तर आमच्या कंपनीतही कोणाला जमत नाही. आणि कोणीही कोणाशी सरळ बोलत नव्हतं. जे बोलायचं ते अध्यक्षांकडे बघून, ‘अध्यक्ष महोदया, आपल्यामार्फत’. एक बोलत असताना दुसरा उठला की अध्यक्षा घंटा वाजवायच्या, आणि दुसरा खरंच खाली बसायचा. हे मला नवीन होतं.

पाचव्या प्रश्नाच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की अध्यक्षा खाली चालल्या आहेत. जुन्या खुर्चीतलं तेल कुठून तरी गळत होतं. आधी खांदे गेले, मग हनुवटी. शिक्षणमंत्री ‘अध्यक्ष महोदया’ म्हणाले तेव्हा टेबलावर नुसते डोळे होते. पण ते डोळे अतिशय करारी होते. मार्शल शांतपणे पुढे गेले, पायाने दाबून त्यांना वर आणलं आणि जागेवर परतले. दर सात-आठ मिनिटांनी हे होत राहिलं. एकाही मुलाने हसू फुटू दिलं नाही. हसलो असतो तर आम्ही मोठी माणसंच.

मग अध्यक्षांनी विरोधी पक्षनेत्यांचं नाव पुकारलं.

ती उठली. माझीच मुलगी, पण मी तिला असं उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. हातात कागद होता, त्याकडे बघत नव्हती.

“अध्यक्ष महोदया, मी आज सभागृहासमोर ‘घरातील बोलण्याचा हक्क’ हे विधेयक मांडत आहे. आपण इथे शिकतो की नागरिकाने बोललं पाहिजे, प्रश्न विचारले पाहिजेत. पण नागरिक सगळ्यात आधी घरात राहतो. विधेयकाचं कलम एक. घरातल्या प्रत्येक माणसाला, वय कितीही असो, रोज तीन मिनिटं बोलण्याचा हक्क असेल. त्या तीन मिनिटांत बाकीच्यांनी सल्ला, उपाय किंवा उत्तर द्यायचं नाही. फक्त ऐकायचं.”

काय आवाज होता! कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. कणकेसमोर तयारी झालेला आवाज. माझे डोळे चुरचुरायला लागले. मी मनात म्हटलं, बोल बाळ, बोल. मी तुझ्यासाठी इथे कोट घालून बसलोय.

“मी एका घराचं उदाहरण देते,” ती म्हणाली. “घर कुठलं ते सांगणार नाही. त्या घरातली मुलगी एकदा शाळेतून आली आणि म्हणाली, ‘मला आज वर्गात मागे बसून—’ तिला लगेच उत्तर मिळालं, ‘फळा दिसत नसणार, चष्मा तपासून घे.’ दुसऱ्या दिवशी तिला चष्म्याच्या दुकानात नेण्यात आलं. अध्यक्ष महोदया, त्या मुलीला म्हणायचं होतं की तिची बाकावरची मैत्रीण शाळा सोडून गेली, आणि मागच्या बाकावर एकटं बसून तिला रडू आलं. ते तिने अजून—”

“पण नंबर खरंच वाढला होता!”

हे वाक्य मोठ्याने म्हटलं गेलं. खणखणीत, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं. कोण बेशिस्त मनुष्य आहे म्हणून मीही इतरांबरोबर मागे वळून पाहिलं. मग कळलं की मी उभा आहे.

ती माझ्याकडे बघत होती. रागाने बघत असती तर मी त्याला तोंड दिलं असतं. ती माझ्याकडे बघत होती तसं बघणारी माणसं मी रोज दोनशे बघतो. हातात भलताच फॉर्म, बोलायचं राहिलेलं, आणि मागून रांगेतल्या माणसाचा धक्का.

टेबलाच्या कडेवरून दोन करारी डोळे माझ्यावर रोखले गेले. घंटा वाजली. “प्रेक्षक क्रमांक नऊ,” अध्यक्षा म्हणाल्या, “सन्माननीय सदस्यांचं भाषण चालू आहे. मार्शल, त्यांना बाहेर न्या.”

मी बनवलेल्या आसनावरून मला बाहेर काढण्याचा हुकूम सुटला. खेळाच्या सरांनी माझा दंड धरला आणि दाराबाहेर आल्यावर अगदी हळू आवाजात म्हणाले, “साहेब, मागच्या वर्षी मी तुमच्या खिडकीवर आलो होतो. मीटर जळालं हे सांगायला. मी ‘मीटर’ एवढंच म्हणालो आणि तुम्ही नाव बदलायचा फॉर्म दिलात.”

“मग?”

“नाव बदललं. मीटर अजून जळकंच आहे. त्याच्यावर आता माझ्या बायकोचं नाव आहे.” ते आत गेले आणि दार लागलं.

बाहेर व्हरांड्यात बालवर्गाचं एक बुटकं बाक होतं. त्यावर मी गुडघे छातीशी घेऊन बसलो. दार जाड होतं. आतून तिचा आवाज येत होता, पण शब्द येत नव्हते. नुसता चढउतार. एकदा हशा झाला, एकदा टाळ्या वाजल्या. कशाला वाजल्या ते कळेना. मी दाराला कान लावला. त्याने फक्त कान गार झाला. सात उशा, चार हमाल, एक परिचारिका, नमुना चार, आणि बारा-तेरा वाक्यं ऐकून मी बाहेर. बाकीची कोणी हिरावलीही नाहीत. दहा फुटांवर माझी लेक बोलत होती आणि मी माझ्याच तोंडाने दाराबाहेर आलो होतो. आयुष्यात इतकं कोणाच्या आवाजासाठी जीव तुटला नव्हता. बाराशे किलोमीटर म्हणजे किती, ते मला त्या बाकावर कळलं.

मग आत ‘अगंबाई!’ असा बाईंचा आवाज आला, काही तरी करकरलं, आणि दार उघडून मुलं बाहेर सांडली. खुर्ची एकदम मागे आडवी झाली होती. अध्यक्षा छताकडे बघत पडल्या होत्या आणि पडल्या पडल्याच त्यांनी कामकाज दहा मिनिटांसाठी तहकूब केलं होतं. मार्शल आणि लाउडस्पीकरवाला त्यांना सरळ करत होते.

ती सगळ्यांच्या शेवटी बाहेर आली. मला वाटलं, मैत्रिणींबरोबर खाली जाईल. ती बाकाशी आली आणि माझ्याशेजारी बसली. तिचेही गुडघे छातीशी आले.

मला म्हणायचं होतं की चुकलं माझं. म्हणायचं होतं की भाषण फार छान होतं, आवाज जरा खालच्या पट्टीत ठेव, पाणी पिऊन घे. सगळं जिभेवर आलं होतं. मी दात घट्ट आवळले. दंतवैद्यांनी बघितलं असतं तर ओरडले असते.

ती कितीतरी वेळ समोरच्या भिंतीकडे बघत होती. दहातली दोन मिनिटं अशीच गेली असावीत. बावीस वर्षांत मी एवढा वेळ कोणासमोर गप्प बसलो नव्हतो.

“बाबा,” ती म्हणाली, “मला तिकडे जायची भीती वाटते.”

मला लगेच उत्तरं सुचली. वसतिगृह चांगलं आहे. दर रविवारी फोन कर. भीती सगळ्यांनाच वाटते. नसेल जमत तर इथलंच कॉलेज बघू. मी नुसता तिच्याकडे बघत राहिलो.

“म्हणजे जायचंय मला. खूप जायचंय,” ती म्हणाली. “पण पहिल्या दिवशी जेवायच्या वेळी कोणाशेजारी जाऊन बसायचं, तेच कळत नाही. सगळे आधीच गटागटाने बसलेले असतील. मी ताट घेऊन मध्येच उभी. रोज डोळ्यासमोर तेवढंच येतं. आईला सांगितलं नाही. ती रडेल. तुम्हाला सांगायचं होतं. दोन-तीनदा सांगायला लागले होते.” ती थोडं थांबली. माझ्याकडे बघून घेतलं, मी काही म्हणतो का ते. मग पुढे बोलायला लागली. आवाज भाषणातला नव्हता. अडखळत होता, मध्येच चिरकत होता. वाक्यं अर्धी सोडून ती दुसरीकडे जात होती आणि परत येत होती. तिकडच्या खोलीला खिडकी कुठल्या बाजूला असेल, आजारी पडलं तर कोणाला उठवायचं, आणि आपल्या घरातले आवाज विसरायला होतील का.

आत घंटा वाजली. ती उठली, ओढणी नीट केली.

“अजून आहे खूप,” ती म्हणाली.

मी मान हलवली. ती आत गेली आणि मार्शलनी दार लावलं. थोड्या वेळाने आतून कोणाचा तरी आवाज यायला लागला. तो तिचा नव्हता, दुसऱ्याच कुठल्या मुलाचा होता, आणि शब्द काही कळत नव्हते. तरी मी बाकावर बसून ऐकत राहिलो.